सुपरवायझरची संमती

मी लिहिलेलं सगळ्यात मोठं खोटं इंग्रजीत आहे. "लहानपणापासून मला ग्राफीनविषयी विलक्षण ओढ होती," असं मी एका परदेशी विद्यापीठाला कळवलं होतं. लहानपणी मला ओढ होती ती बोरांची आणि पुढच्या बाकावरच्या पोरीच्या कंपासपेटीची. ग्राफीन, म्हणजे कार्बनचा अणूएवढा पातळ पापुद्रा, हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी, आणि तेव्हाही सेमिनार दुसऱ्याच कुणाचा होता, मी मागं बसून डबा खात होते. पण जाहिरात ग्राफीनची होती आणि पीएचडीची जागा फुल्ली फंडेड होती, म्हणजे फी नाही आणि वर राहण्याखाण्याचा खर्चही तेच देणार. त्या वर्षी शेणाच्या गोवऱ्यांवर कुणी फंडेड जागा काढली असती, तर लहानपणापासूनची ओढ मी तिकडंही वळवली असती.

मी केमिकल इंजिनिअर. जालन्याच्या एमआयडीसीत सळया करणाऱ्या एका मिलच्या लॅबमध्ये नोकरीला होते. लॅब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काचेच्या नळ्या आणि पांढरे कोट येतात. आमची लॅब म्हणजे भट्टीच्या शेडला चिकटलेली एक खोली, त्यात एक ग्राइंडर, एक एसी आणि स्पेक्ट्रो नावाचं एक मशीन. भंगार वितळवून लोखंड झालं की त्यातलं थोडंसं माझ्याकडं यायचं. ते थंड करायचं, ग्राइंडरवर घासायचं, मशीनवर ठेवायचं. ठिणगी पडायची आणि पडद्यावर आकडे यायचे, कार्बन किती, मँगनीज किती, तांबं किती. ते कागदावर उतरवून मी खाली सही करायची. एसी मशीनसाठी आहे, माझ्यासाठी नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं.

काही दिवसांनी मला त्या सहीचा वीट आला. भंगारात मोटारी, वायरी काय काय येतं, त्यातलं तांबं लोखंडात उतरतं आणि मग सळईला चिरा पडतात, एवढं मला पुस्तकावरून माहीत होतं. पण कधी पडतात, कधी पडत नाहीत, आणि का, हे मशीन सांगत नव्हतं. इथं विचारावं असं कुणी नाही, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून पीएचडी. आणि घरातून कुणी मला परदेशी शिकायला पाठवेल अशी आमची परिस्थिती नव्हती, म्हणून फंडेड. त्याशिवाय जाणं शक्य नव्हतं, आणि न जाणं मला दिवसेंदिवस सहन होत नव्हतं.

दोन वर्षं मी जगभरच्या प्राध्यापकांना मेल पाठवत होते. मजकूर एकच, फक्त वरचं नाव बदलायचं. कधी तेही बदलायचं राहून जायचं. एका बाईंना मी "रिस्पेक्टेड सर" म्हणून, त्यांच्या विद्यापीठाऐवजी भलत्याच विद्यापीठाची भरभरून स्तुती करून मेल पाठवला. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं की ते विद्यापीठ दुसऱ्या देशात आहे, तिथं तुम्हाला यश मिळो. बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही, आणि ज्यांनी दिलं त्यांना खेद होत होता. एवढ्या शिकलेल्या लोकांना माझ्यामुळं खेद व्हावा याचं मला आधी वाईट वाटायचं, मग सवय झाली.

घर आमचं राजूरला. गणपतीच्या देवळाच्या रस्त्यावर वडलांचं नारळ-हार-पेढ्यांचं दुकान. त्यांनी गिऱ्हाइकांना केव्हाच सांगून टाकलं होतं, "पोरीला बाहेरदेशी शिकायला फंड मिळून राह्यला." आमच्या बोलीतला हा काळ फार सोयीचा. मिळाला असंही नाही, मिळाला नाही असंही नाही. दोन वर्षं मला फंड मिळूनच राह्यला होता. एका चतुर्थीला मी दुकानात बसले असताना एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "कोणाच्या फंडातून? आमदाराच्या का खासदाराच्या?" मी त्यांना संशोधन, प्रकल्प, विद्यापीठ असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग आमच्या गल्लीची नाली बी बसती का बघा त्याच्यात." वडील माझ्याकडं बघायला लागले, म्हणजे बसत असेल तर बघायला काय हरकत आहे, अशा चेहऱ्यानं.

अशात एक दिवस ती जाहिरात दिसली. उत्तरेकडच्या एका थंड देशातलं विद्यापीठ, जागा एकच, फुल्ली फंडेड, आणि विषय: भंगारापासून केलेल्या पोलादातलं तांबं. मी ती तीनदा वाचली. पहिल्यांदाच लहानपणापासूनची ओढ लावायची गरज नव्हती, रोज सकाळी आठपासूनची पुरेशी होती. ही मिळाली तर मिळाली, नाहीतर हा उद्योग बंद, असं मी ठरवलं. असं मी आधीही ठरवलं होतं, पण या वेळी खरंच ठरवलं.

फॉर्म भरता भरता एका रकान्यापाशी आले: सुपरवायझरचं नाव, आणि सोबत सुपरवायझरचं संमतीपत्र जोडा.

आता इथं माझी काय अक्कल चालली ते ऐका. आमच्याकडं पीएचडी करवून घेणाऱ्या प्राध्यापकाला गाईड म्हणतात. सुपरवायझर म्हणजे मिलमधला, पाळीवर उभा राहून काम करवून घेणारा माणूस. आणि आपल्याकडं नोकरीत असताना हलायचं म्हटलं की वरच्याची ना हरकत लागतेच, पासपोर्टला लागते, दुसऱ्या परीक्षेला बसायला लागते. म्हटलं, बघा, एवढा पुढारलेला देश, पण नियम इथल्यासारखेच. मला उलट आपलेपणा वाटला. त्या विद्यापीठातला कोणता प्राध्यापक माझं संशोधन बघणार हे त्यांना विचारायचं होतं, हे एम.टेक. झालेल्या बाईच्या डोक्यात क्षणभरही आलं नाही. मी रकान्यात आमच्या मिलच्या सुपरवायझरचं नाव घातलं आणि संमती मागायला गेले.

त्यांना सगळे चाचा म्हणायचे. साठीकडं झुकलेले, डोळ्यांच्या कडा भट्टीच्या धगीनं कायम लाल, गळ्याला ओला रुमाल. घरी उर्दू, मिलमध्ये आमच्यासारखीच मराठी. मला पहिल्या दिवसापासून बेटी म्हणत. लालभडक लोखंडाचा ठोकळा, दाबून सळई करणाऱ्या रोलमध्ये घुसताना ते त्याच्या कोपऱ्याकडं बघायचे आणि लॅबच्या दारात येऊन सांगायचे, "बेटी, ह्या मालात तांबं हाय. बघून घे." मी बघायचे आणि आकडा वाढलेला असायचा. मी त्याला योगायोग समजत होते. तो योगायोग आठवड्यातून दोन-तीनदा होत होता, तरीही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना संमतीपत्राचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "नोकरी सोडून राह्यली का?"

"शिकायला जायचंय, चाचा. मिळालं तर."

"काय शिकणार तिकडं?"

"भंगारातल्या तांब्यानं लोखंडाला चिरा का पडतात ते."

ते इतकं हसले की रुमालानं डोळे पुसावे लागले. "त्यासाठी इमानात बसायचं? लॅबीतून पन्नास पावलं चालत आली असतीस तर म्या सांगितलं असतं."

मी म्हटलं, सही तेवढी द्या. पण चाचा मजकूर समजून घेतल्याशिवाय सही करणाऱ्यातले नव्हते, आणि मी कॉम्प्युटरवर उतरवून आणलेला ना हरकतीचा साचा मराठीत सांगितला तर तो त्यांना पसंत पडला नाही. "ह्याच्यात तर काहीच न्हाई. तिकडच्या माणसाला कळाया पाह्यजे की पोरगी कुठल्या कामातून आली. म्या सांगतो, तू इंग्रजीत लिही." आणि त्यांनी उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली. तांब्याचा माल असला की चीर आधी ठोकळ्याच्या कोपऱ्याला दिसते, मधे नंतर. असा माल तापवायच्या भट्टीत फार वेळ झोपू द्यायचा नाही, जल्दी काढायचा, जितका पडून राहील तितका वरून फाटतो. आणि थंड झाल्यावर बघून उपयोग नाही, गरम असतानाच बघायला शिकावं लागतं. शेवटी त्यांनी सांगितलं, "लिही, ही पोरगी हुशार हाय, पण आकडे आल्याबिगर हिचा कशावर इश्वास बसत न्हाई. ते तुम्ही सुधारून घ्या."

हे मी मनातल्या मनात कपाळाला हात लावत टाइप केलं. एवढ्या मोठ्या विद्यापीठाला हे काय पाठवायचं? पण न लिहावं तर सही मिळेना. त्यांनी खाली उर्दूत सही केली, मी स्कॅन केलं आणि पाठवून दिलं.

तीन आठवड्यांनी मेल आला. खेद नव्हता. मुलाखतीला बोलावलं होतं, आणि पुढं लिहिलं होतं की तुमच्या सुपरवायझरचं पत्र आम्ही आवडीनं वाचलं. मी आनंदानं त्या विद्यापीठाचं पान पुन्हा उघडलं, इकडंतिकडं वाचलं, आणि तिथं सुपरवायझर या शब्दाखाली प्राध्यापकांचे फोटो दिसले. टाय लावलेले, चष्मेवाले, एकाच्या मागं पुस्तकांचं कपाट. मला दरदरून घाम फुटला. एसी चालू होता.

मुलाखतीपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. आपण लबाडी केली असं त्यांना वाटणार, जागा तर जाणारच, वर कुठल्यातरी यादीत नाव पडणार. रिकाम्या खोलीत मी इंग्रजीत माफी मागायचा सराव केला. चाचांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी तर मिलभर सांगितलं होतं की परदेशातनं चिठ्ठी आली आणि तिच्यात आपल्या पत्राचं नाव निघालं.

मुलाखत दुपारची होती. खोलीवर नेटचा भरवसा नाही म्हणून लॅबमधूनच द्यायची ठरली. चाचांनी स्वतः येऊन ग्राइंडर बंद करवला, अर्धा तास सॅम्पल पाठवू नका म्हणून भट्टीवर बजावलं, आणि कुणी आत घुसू नये म्हणून दार लोटून बाहेर उभे राहिले. दाराची फट तेवढी राहिली, कारण ते दार कधीच पूर्ण लागत नव्हतं.

पडद्यावर पिकल्या केसांच्या एक प्राध्यापिका होत्या. बोलायला अगदी साध्या. त्यांनी नमस्कार-चमत्कार झाल्यावर विचारलं, "हे पत्र लिहिणारे गृहस्थ तुमच्या कंपनीत संशोधन बघतात का?"

मी सराव केलेली माफी सोडूनच दिली आणि तोंडाला येईल ते बोलत सुटले. नाही नाही, माझी चूक झाली, मी शब्दाचा अर्थ चुकीचा घेतला, ते प्राध्यापक वगैरे कुणी नाहीत, ते शिकलेले नाहीत, ही इज जस्ट ॲन अनस्किल्ड मॅन. कृपया ते पत्र धरू नका.

त्या म्हणाल्या, कोपऱ्याला आधी चीर जाते आणि माल भट्टीत जास्त वेळ ठेवू नये, हे कुणाचं निरीक्षण? मी म्हटलं, निरीक्षण त्यांचं आहे, पण विश्लेषण माझं. विश्लेषण! मी आकडे बघून सही करत होते. त्या म्हणाल्या, बरं, आणि पुढचे प्रश्न तांब्यावरच विचारले. त्यांतल्या निम्म्यांची उत्तरं मी चाचांनी सांगितलेलीच दिली, माझी म्हणून. वीस मिनिटांत आटोपलं. चांगली झाली, असं मला वाटलं.

बाहेर आले तर चाचा दारात पाठमोरे उभे होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, चाचा. बराबर झालं."

"बरं झालं, मॅडम," असं म्हणून ते ग्राइंडर चालू करायला सांगायला गेले.

मॅडम. आजूबाजूला चार माणसं होती म्हणून मान देऊन बोलले असतील, असं मी समजले. दुसऱ्या दिवशीही मॅडम. त्या आठवड्यात ते लॅबच्या दाराशी एकदाही आले नाहीत. तांब्याचा माल येऊन गेला, मला तो आकड्यावरूनच कळला. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. चाचांना इंग्रजी येत नाही, मग ऐकून ऐकून काय ऐकलं असणार, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. मग पगाराच्या दिवशी ऑफिसात गेले. टेबलावर हजेरीचं रजिस्टर उघडं होतं आणि प्रत्येक नावापुढं कामगाराच्या वर्गाचा रकाना होता. स्किल्ड. अनस्किल्ड. मिलमध्ये ज्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, त्यालाही हे दोन शब्द येतात. अख्ख्या इंग्रजी भाषेत त्यांना कळेल असा एक शब्द मी शोधून काढला होता, आणि तोच वापरला होता.

मला माझी इतकी लाज वाटली की पगाराच्या कागदावर सही करायची सोडून मी तशीच लॅबमध्ये परत आले. माफी मागायला जायचं मी रोज ठरवत होते, आणि रोज काहीतरी काम निघत होतं. काम म्हणजे काय, तेच, आकडे लिहून सही.

पंधरा दिवसांनी विद्यापीठाचं उत्तर आलं. जागा मला द्यायचं त्यांच्या मनात होतं, पण एक अट होती. पहिल्या वर्षाचं काम आमच्या मिलमधल्या नमुन्यांवर व्हावं, आणि ते पत्र लिहिणारे गृहस्थ उद्योगाच्या बाजूनं सल्लागार म्हणून असावेत, अशी प्राध्यापिकाबाईंची इच्छा होती. सोबत एकपानी फॉर्म होता. मालकांची मंजुरी आणि त्या गृहस्थांची सही आठ दिवसांत आली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. मालकांनी मंजुरी लगेच दिली, त्यांना त्यात मिलचं नाव झालेलं दिसलं. राहिली चाचांची सही.

आठातले सहा दिवस मी तो फॉर्म पर्समध्ये घेऊन फिरले. सातव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेले. ते रोलच्या पलीकडं बाकड्यावर डबा उघडून बसले होते. मी म्हटलं, "चाचा, त्या दिवशी मुलाखतीत मी तुमच्याबद्दल वाईट बोलले. घाबरून बोलले, पण बोलले. तुम्ही सांगितलेलं मी माझं म्हणून सांगितलं, तेही केलं. माझं चुकलं."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढं धरला. मी खाल्ला. मग हात पुसून म्हणाले, "कागद काय हाय हातात?"

मी फॉर्म मराठीत वाचून दाखवला. अटही सांगितली, तुमची सही नसेल तर जागा जाईल, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी मी काही म्हणणार नाही. त्यांनी चष्मा लावला, माझं पेन घेतलं आणि उर्दूत सही केली. एवढ्या पटकन केली की मला रडू आलं.

सहीच्या खाली आणखी एक रकाना होता, हुद्दा. मी म्हटलं, हे मी भरते, आणि मोठ्या झोकात इंग्रजीत लिहिलं, टीचर. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. एका शब्दात सगळी भरपाई झाली, असंच वाटलं.

"काय लिहिलं?" चाचांनी विचारलं.

"शिक्षक लिहिलं, चाचा. तुम्ही शिकवलं ना मला."

"म्या काय शाळंत हाय का?" त्यांनी चष्मा काढला. "खोडा ते, मॅडम. लोक सुपरवायझर म्हणत्यात, ते बी लिहू नका, कागदावर न्हाई ते. रजिस्टरला जे हाय ते लिहा. स्किल्ड. बारा वर्षं लागली मला तेवढा एक शब्द मिळाया."

मी टीचर खोडलं आणि त्याच्या वर बारीक अक्षरात स्किल्ड लिहिलं. त्यांनी कागद हातात घेतला, अक्षरावर बोट ठेवून स्पेलिंग बघितलं, आणि परत दिला.